विश्लेषण : अनाथ मुलांसाठी मुंबईहून परदेशी गेले होते मदतपथक! वळिवड्यात त्यांना घर कसे मिळाले? आज खर्ड्यात असे घर बांधता येईल का?

परदेशातून स्वयंसेवकांचे पथक येते, आठ-पंधरा दिवस विटा-सिमेंट वाहते, अनाथ मुलांसाठी इमारत उभी करते आणि मायदेशी परतते. असे दौरे आता आशिया-आफ्रिकेतील अनेक देशांना परिचयाचे झाले आहेत. ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी मात्र मदतीची वाट उलट दिशेने होती. मुंबईहून निघालेल्या मालमोटारी वाळवंट आणि डोंगर ओलांडून सोव्हिएत मध्य आशियात पोहोचल्या आणि पोलंडची अनाथ मुले घेऊन परतल्या. त्या मुलांना आधी वांद्रे, मग जामनगरजवळचे बालाचडी आणि शेवटी कोल्हापूरजवळचे वळिवडे येथे आसरा मिळाला. त्या घरांच्या भिंती कधीच्या पडल्या, पण तिथे वाढलेल्या मुलांनी ते ऋण आयुष्यभर जपले. असे का झाले आणि आज अहिल्यानगर जिल्ह्यातील खर्ड्यासारख्या गावात असे घर बांधायचे झाले तर काय करावे लागेल, याचा हा आढावा.

पोलंडची मुले मध्य आशियात कशी पोहोचली?

सप्टेंबर १९३९ मध्ये पश्चिमेकडून जर्मनीने आणि १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने पोलंडवर आक्रमण केले. रशियाच्या ताब्यात गेलेल्या भागातून १९४० आणि १९४१ मध्ये लाखो पोलिश नागरिकांना मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानात पाठवण्यात आले. थंडी, उपासमार आणि टायफससारख्या रोगांनी हजारो माणसे मेली. मागे उरली ती मुले.

जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावरच हल्ला केला आणि चित्र पालटले. ३० जुलै १९४१ रोजी लंडनमधील पोलंडचे निर्वासित सरकार आणि रशिया यांच्यात करार झाला. श्रमछावण्यांतील पोलिश नागरिकांची सुटका सुरू झाली. सुटलेली माणसे उबेच्या आणि अन्नाच्या आशेने दक्षिणेकडे, मध्य आशियाकडे निघाली. वाटेत आई-वडील गमावलेली मुले अश्गाबाद आणि आसपासच्या तात्पुरत्या अनाथालयांत गोळा होऊ लागली. रशियातच अन्नाचा तुटवडा होता. या मुलांना लवकर बाहेर काढले नाही तर ती जगणार नाहीत, हे उघड होते.

मुंबईहून मदतपथक कसे गेले?

त्या काळी मुंबईत पोलंडचा वाणिज्य दूतावास होता. महावाणिज्यदूत युजेनिउश बानाशिन्स्की आणि त्यांच्या पत्नी किरा बानाशिन्स्का यांनी या कामात पुढाकार घेतला. किरा या भारतात पोलिश रेडक्रॉसचे काम पाहत. औषधे, कपडे आणि अन्न जमवण्यात आले. १९४१ च्या अखेरीस मालमोटारींचा तांडा क्वेट्ट्यामार्गे निघाला. बलुचिस्तानातून इराणमधील झाहेदान, तिथून मशहद आणि मग सीमा ओलांडून अश्गाबाद असा तो मार्ग होता. ऐन हिवाळा, कच्चे रस्ते आणि युद्धकाळ. जाताना या गाड्या मदतीचे सामान घेऊन गेल्या आणि येताना त्यांतून मुले आली.

मुलांसोबत निघालेल्यांमध्ये हांका ओर्दोनुव्ना या पोलंडच्या ख्यातनाम गायिका आणि अभिनेत्री होत्या. त्या स्वतः नुकत्याच सोव्हिएत कैदेतून सुटल्या होत्या आणि क्षयाने आजारी होत्या. या भटक्या मुलांवर त्यांनी पुढे पुस्तकही लिहिले. एप्रिल १९४२ मध्ये दीडशेहून अधिक मुलांची पहिली तुकडी मुंबईत पोहोचली. वांद्रे येथे त्यांची तात्पुरती सोय झाली. पुढील काही महिने त्यांना खाऊपिऊ घालून पुन्हा उभे करणे हेच मोठे काम होते.

मुलांना देशात ठेवून घेण्याची जबाबदारी कोणी घेतली?

इथे पहिला पेच होता. ब्रिटिश सरकारला पोलंड मित्रराष्ट्र म्हणून जवळचे होते, पण निर्वासितांचा खर्च कोणी करायचा आणि युद्ध संपल्यावर त्यांचे काय, हे प्रश्न सुटत नव्हते. अशा वेळी नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी पुढे आले. क्रिकेटपटू रणजितसिंहजी यांचे ते पुतणे आणि वारस. नरेंद्र मंडळाचे कुलपती या नात्याने संस्थानिकांत त्यांच्या शब्दाला वजन होते. त्यांनी आपल्या संस्थानात, समुद्रकाठच्या बालाचडी येथे मुलांसाठी जागा देऊ केली. जुलै १९४२ मध्ये वांद्र्याची मुले तिथे रवाना झाली. खर्चासाठी संस्थानिक, टाटांसारखे उद्योगपती आणि धर्मादाय संस्था यांच्याकडून देणग्या मिळाल्या.

हा काळ लक्षात घेण्यासारखा आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘चले जाव’ आंदोलन सुरू झाले. १९४३ मध्ये बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला आणि तिथेही असंख्य मुले पोरकी झाली. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या आणि उपाशी असलेल्या देशात परक्या मुलांना आसरा मिळाला. त्यामुळे या घटनेकडे नुसत्या कौतुकाने पाहून चालत नाही. मुलांना आसरा मिळाला, कारण त्यांच्या मागे एक निर्वासित का होईना, पण सरकार, दूतावास आणि संस्थानिकांचा निधी उभा होता. बंगालच्या मुलांमागे असे कोणी नव्हते.

बालाचडी आणि वळिवडे येथील घरे कशी होती?

दोन्ही ठिकाणच्या इमारती साध्या होत्या. लांबट बराकी, छप्पर, ओळीने खाटा. वैशिष्ट्य होते ते आतल्या व्यवस्थेत. बालाचडीचे प्रमुख पोलिश धर्मगुरू फादर फ्रान्चिशेक प्लूता होते. शिक्षक, परिचारिका आणि मुलांची देखभाल करणाऱ्या बहुतेक बायका निर्वासितांमधूनच निवडलेल्या होत्या. शाळा पोलिश भाषेत चाले. स्काउट पथक होते, नाटके होत, पोलंडचे सण साजरे होत. जामसाहेबांनी मुलांना ‘मी तुमचा बापू’ असे सांगितले होते, ही आठवण त्यातील अनेकांनी म्हातारपणीही सांगितली. उकडलेला पालक नकोसा झाल्याने मुलांनी जेवणावर बहिष्कार घातला आणि जामसाहेबांनी पालक बंद करायला सांगितला, हा किस्साही त्यांच्या आठवणींत येतो.

१९४३ मध्ये कोल्हापूर संस्थानात पंचगंगेच्या परिसरात वळिवडे येथे मोठी वसाहत उभी राहिली. इथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र खोल्या आणि स्वतःची चूल होती. ज्यांना कोणीच नव्हते अशा मुलांसाठी वसाहतीतच अनाथालय होते. शाळा, चर्च, रुग्णालय आणि नाट्यगृह होते. खर्चाचा मुख्य भार लंडनमधील पोलिश सरकारने उचलला. छातीच्या विकारांनी आजारी आणि अशक्त मुलांना हवापालटासाठी पाचगणीला पाठवले जाई. बालाचडीची छावणी १९४६ मध्ये बंद झाली, तेव्हा तिथली मुलेही वळिवड्याला आली.

वळिवड्याच्या रचनेतील एक गोष्ट आजच्या बालकल्याणाच्या अभ्यासकांनाही पटेल अशी आहे. अनाथ मुलांना वेगळ्या कुंपणात ठेवले गेले नाही. ती कुटुंबांच्या वस्तीतच वाढली. शाळेत, खेळात आणि सणावारांत शेजारच्या घरांतल्या मुलांबरोबर होती. त्यांची भाषा, धर्म आणि नावे कोणी बदलली नाहीत.

सर्वांत मोठी कसोटी कधी लागली?

महायुद्ध संपल्यावर. जुलै १९४५ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि वॉर्सातील कम्युनिस्टप्रणीत सरकारला मान्यता दिली. त्यामुळे ‘या मुलांचे पालक कोण?’ हा प्रश्न अचानक तातडीचा झाला. नवे सरकार मुलांना परत मागू शकत होते. पण ज्या सत्तेने आई-वडिलांना हद्दपार केले, तिच्याच छायेतील देशात परतायला अनेक मुले घाबरत होती. काहींची गावे तर आता सोव्हिएत रशियाच्या हद्दीत गेली होती.

तेव्हा एक कायदेशीर मार्ग काढण्यात आला. जामसाहेब, फादर प्लूता आणि छावणीवरील ब्रिटिश संपर्क अधिकारी यांनी बालाचडीतील अनाथ मुलांचे पालकत्व एकत्रितपणे स्वीकारले. कायद्याच्या दृष्टीने पालक असल्यामुळे मुलांना सक्तीने पाठवणे अवघड झाले. या एका कागदाचे मोल बालाचडीच्या सगळ्या बराकींपेक्षा जास्त होते. छप्पर कोणीही घालू शकत होते, पण मुलाच्या वतीने ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार पालकालाच होता.

१९४७-४८ मध्ये वळिवड्याची वसाहत रिकामी झाली. काही जण पोलंडला परतले. बरेच जण ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा देशांत गेले. ज्यांचे नातेवाईक सापडले त्यांना त्यांच्याकडे पोहोचवण्यात आले. रिकाम्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. आजच्या गांधीनगरची बाजारपेठ त्याच जागेवर वाढली.

या घरांची आठवण अजून का काढली जाते?

वळिवड्याची माजी मुले अनेक दशके कोल्हापूरला भेट देत राहिली. कोल्हापुरातील महावीर उद्यानात त्यांच्या स्मरणार्थ स्तंभ आहे. पोलंडची राजधानी वॉर्सामध्ये जामसाहेबांच्या नावाने ‘भल्या महाराजांचा चौक’ आहे आणि वळिवडे-कोल्हापूर वसाहतीचे स्मारकही आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी पोलंड दौऱ्यात या दोन्ही ठिकाणी आदरांजली वाहिली आणि जामसाहेबांच्या नावाने पोलिश युवकांसाठी भारतभेटीचा उपक्रम जाहीर केला.

ही कृतज्ञता टिकण्यामागे तीन कारणे दिसतात. मुलांची काळजी घेणारी माणसे सतत बदलत नव्हती. त्यांचे पालकत्व कायद्याने ठरलेले होते. आणि घर बंद करताना प्रत्येक मूल पुढे कुठे जाणार याचा विचार झाला होता. अनाथांसाठी निघालेल्या कोणत्याही मोहिमेला या तीन गोष्टींची उत्तरे द्यावी लागतात.

आजच्या स्वयंसेवक दौऱ्यांवर आक्षेप का घेतले जातात?

अलीकडच्या दौऱ्यांत नेमकी हीच उत्तरे अनेकदा नसतात. जगभरातील अनाथालयांत राहणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांचे, म्हणजे दहापैकी सुमारे आठ जणांचे, आई-वडिलांपैकी किमान एक जण हयात असते, असे बालहक्क संस्था अनेक वर्षे सांगत आहेत. गरिबी, आजारपण, अपंगत्व किंवा शिक्षणाची सोय नसणे या कारणांनी मुले संस्थेत येतात. इमारत बांधायला पैसा येतो, पण आईला घरीच मूल सांभाळता यावे म्हणून पैसा येत नाही. मग इमारत भरण्यासाठी मुले गोळा केली जातात, असा उलटा व्यवहार सुरू होतो. नेपाळमध्ये २०१५ च्या भूकंपानंतर हा धोका इतका वाढला की सरकारला मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर आणि नवी बालगृहे काढण्यावर निर्बंध आणावे लागले. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीची दखल घेतली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही २०१९ मध्ये ठराव करून अशा स्वयंसेवी पर्यटनाबद्दल इशारा दिला.

दुसरा आक्षेप मुलांच्या मनाशी संबंधित आहे. दर पंधरा दिवसांनी नवे ‘दादा-ताई’ येतात, लळा लावतात आणि निघून जातात. रोमानियातील बुखारेस्टमध्ये २००० पासून झालेल्या दीर्घ अभ्यासात, लहान वयात संस्थेतून कुटुंबात गेलेल्या मुलांची वाढ संस्थेत राहिलेल्या मुलांपेक्षा चांगली झाल्याचे दिसले. लहान मुलाला कायम टिकणारे एक माणूस लागते, हा त्याचा साधा अर्थ.

खर्ड्यात असे घर बांधायचे तर कायदा काय सांगतो?

खर्डा हे १७९५ च्या मराठे-निजाम लढाईमुळे इतिहासात ठाऊक असलेले, जामखेड तालुक्यातील गाव. बीड आणि धाराशिव जिल्ह्यांच्या सीमेलगतचा हा सगळा टापू अवर्षणाचा. समजा, एखाद्या परदेशी पथकाने इथे अनाथ मुलांसाठी घर बांधायचे ठरवले, तर विटा रचण्याआधी बऱ्याच पायऱ्या आहेत.

पहिली पायरी नोंदणीची. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांना ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेची नोंदणी बंधनकारक आहे. नोंदणी नसल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दुसरी पायरी बालकल्याण समितीची. कोणते मूल संस्थेत ठेवायचे हे संस्थाचालक किंवा देणगीदार ठरवू शकत नाहीत. निराधार मूल सापडल्यास प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत त्याला समितीपुढे हजर करावे लागते. निर्णय समिती घेते.

तिसरी पायरी पैशाची. परदेशी देणगीसाठी संस्थेला परकीय योगदान नियमन कायदा, २०१० खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर ही रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावी लागते. ती दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही आणि प्रशासकीय खर्चावर २० टक्क्यांची मर्यादा आहे. चौथी पायरी व्हिसाची. ई-पर्यटक व्हिसावर जास्तीत जास्त एक महिना आणि कोणताही मोबदला न घेता स्वयंसेवा करता येते. त्याहून जास्त काळ काम करायचे तर वेगळा व्हिसा लागतो. पाचवी जमिनीची. परदेशी नागरिकाला इथे शेतजमीन घेता येत नाही आणि महाराष्ट्रात ती घेण्यासाठी शेतकरी असणे आवश्यक असते. म्हणजे जागा, संस्था आणि जबाबदारी स्थानिकांचीच राहते.

मग अनाथांसाठी घर हवेच आहे का?

याचे उत्तर त्याच कायद्यात आहे. मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा पर्याय मानावा, असे त्याचे मूलतत्त्व आहे. त्याआधी स्वतःचे कुटुंब, नातेवाईक, दत्तक किंवा प्रतिपालक कुटुंब यांचा विचार व्हायला हवा. ज्यांना खरोखर कोणी नाही अशा मुलांसाठी चांगल्या बालगृहांची गरज संपलेली नाही. पण जामखेड, पाथर्डी, आष्टी, पाटोदा या पट्ट्यात ‘निराधार’ दिसणाऱ्या अनेक मुलांचे आई-वडील हयात असतात. ते दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. या मुलांची गरज सहा महिन्यांची असते. त्यासाठी शाळेच्या गावातच हंगामी वसतिगृहाची योजना आहे. आजी-आजोबांकडे राहूनही शाळा सुटू नये, हा तिचा हेतू.

वडील वारले आणि आई एकटी उरली, अशा घरांसाठी राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. तिच्यात मुलामागे दरमहा २ हजार २५० रुपये मिळतात. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’मधील प्रायोजकत्वाची रक्कम दरमहा ४ हजार रुपये आहे. रक्कम मोठी नाही. पण अनेक घरांत मूल बालगृहात जाणार की आईजवळ राहणार, हे एवढ्याच रकमेवर ठरते. कागदपत्रे जमवणे आणि तालुका-जिल्ह्याच्या कार्यालयांत पाठपुरावा करणे हे त्या आईला जमत नाही. तिथे मदतीला खरी जागा आहे.

याच तालुक्यात याचे उदाहरण आहे का?

अनाथालयाचे नाही, पण बाहेरून आलेली मदत कशी रुजते याचे जगभर गाजलेले उदाहरण जामखेडमध्येच आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि १९७० मध्ये ते जामखेडला आले. मोठे रुग्णालय बांधणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी जनावरांच्या एका जुन्या दवाखान्यात काम सुरू केले आणि गावोगावच्या अल्पशिक्षित, अनेकदा निरक्षर आणि दलित, स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. प्रकल्पाच्या सुरुवातीला या भागात हजार जन्मांमागे १७६ बालके दगावत होती. पुढच्या दोन दशकांत हे प्रमाण झपाट्याने खाली आले. १९७९ मध्ये आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबल १९९९ मध्ये आणि रजनीकांत २०११ मध्ये गेले, तरी काम थांबले नाही. कारण ते गावातल्या बायकांच्या हाती होते. प्रसूतीत आई दगावली नाही, तर मूल पोरके होत नाही. अनाथपण टाळण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

मदत करू इच्छिणाऱ्यांनी काय विचारावे?

कोणत्याही पथकाने किंवा देणगीदाराने पैसे देण्यापूर्वी काही प्रश्न विचारायला हवेत. संस्थेची नोंदणी आहे का? प्रत्येक मूल बालकल्याण समितीच्या आदेशाने आले आहे का? किती मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत आणि गेल्या वर्षी किती मुले घरी परत गेली? सांभाळणाऱ्या मावशी किती वर्षांपासून कामावर आहेत आणि त्यांचा पगार वेळेवर होतो का? भावंडांना एकत्र ठेवले जाते का? अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर मूल कुठे जाते? कायद्यात २१ वर्षांपर्यंत अनुरक्षणाची तरतूद आहे आणि महाराष्ट्राने २०१८ मध्ये अनाथांसाठी शिक्षण-नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण दिले. पण त्यासाठीचे अनाथ प्रमाणपत्र मुलाच्या हाती पडते का, हे पाहावे लागते.

इमारतीचा खर्च एकदाच येतो, स्वयंपाकघराचा रोज येतो. पाच वर्षांचे मूल संस्थेत आले तर ते सज्ञान होईपर्यंत तेरा वर्षे जातात. त्या तेरा वर्षांचा पगार, दूध, औषधे आणि शाळा यांची तरतूद नसेल, तर नवी कोरी इमारत चार पावसाळ्यांत ओस पडते. वळिवड्याच्या बराकी पाच वर्षे वापरात होत्या. तेवढ्या काळात शेवटचे मूल कोणाच्या तरी हाती सोपवल्यावरच त्या रिकाम्या झाल्या.